खापर मेलबर्नला न्यायचंय (आणि बाकीचं घर पण)

आखाजीची_माहेरवाशीण
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चूकभूल द्यावी घ्यावी. आम्ही जळगावचे, माझं माहेर अमळनेर. नवऱ्याला मेलबर्नला नोकरी लागली, पीआर (कायम राहायची परवानगी) पण आलं, जूनमध्ये निघायचं, त्यामुळे पावसाळ्याच्या आत सामान बोटीने रवाना करायचा विचार आहे. बारा वर्षांचा संसार म्हणजे किती पसारा असतो ते कपाट उघडल्यावर कळतंय. दोन पॅकर्सवाल्यांशी बोलले, एक म्हणतो सगळं घेऊन जा ताई, दुसरा म्हणतो काहीच नेऊ नका, आणि दोघांचे भाव ऐकून नवरा गप्पच बसलाय.

मुख्य भानगड खापराची आहे. सासूबाईंकडे त्यांच्या सासूचं मातीचं खापर आहे, चांगलं मोठं, मांडे त्याच्यावरच होतात आमच्याकडे, आणि त्यांचं एकच म्हणणं की तवा तिकडे मिळेल, खापर मिळणार नाही, तर तेवढं न्या. बाकी यादीत पाटा-वरवंटा, पितळी हंडा, सागाचं देवघर, दोन गाद्या, गोधड्या, पुस्तकं, मिक्सर, मुलांच्या सायकली. खोक्यांसाठी सावद्याहून केळीचे पुठ्ठ्याचे बॉक्स आणणार आहे, दीर म्हणाला फुकट मिळतील, मजबूत पण असतात. काचेच्या वस्तूंना केळीची सुकी पानं लावायची असं सासरे म्हणतात. कुणी नेलंय का असं सामान? काय न्यावं काय नाही, कस्टमचं काय, सगळं सांगा.

सातपुडा_व्ह्यू
ताई, थांबा थांबा थांबा. आधी ते केळीचे बॉक्स रद्द करा, दिराला फोन लावा.

मी चोपड्याचा, मेलबर्नला सहा वर्षं झाली. ऑस्ट्रेलियात कस्टमपेक्षा बायोसिक्युरिटीची भीती जास्त, म्हणजे शेतीला रोगकिडा लागेल असं काही बाहेरून येऊ द्यायचं नाही. फळं, भाज्या, अंडी, मांस ज्यात ठेवलं होतं असे वापरलेले खोके चालत नाहीत, गवत-कडबा-पालापाचोळा भरून पॅकिंग केलेलं चालत नाही. आपल्या जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण तिच्या बॉक्सला तिकडे कवडीची किंमत नाही. नवे कोरे पाच थरांचे खोके घ्या, आत बबल रॅप नाहीतर कोरा कागद.

आता धान्य. बोटीने जाणाऱ्या घरसामानात तांदूळ, गहू, हरभरा, तूर, मूग, मसूर, शेंगदाणे, धणे, जिरे, बडीशेप, सुकी मिरची यातलं काही टाकायचं नाही, २०२० पासून बंदीच आहे. कारण खपरा भुंगा. धान्यातला भुंगा, इंग्रजीत पण त्याला खाप्राच म्हणतात, आपल्याकडचंच नाव. त्याची अळी फटीत लपून वर्षानुवर्षं उपाशी राहू शकते, आणि एकदा कोठारात शिरली की निघत नाही. म्हणजे तुमचं खापर जाईल पण खपरा नको, असा तो हिशोब.

खापराचं म्हणाल तर भाजलेली माती आहे, तिला कुणी अडवत नाही, मात्र बाहेरून चिकटलेली कच्ची माती, राख, काजळी सगळी घासून काढा. तोच नियम सायकलींना आणि बुटांना. टायरच्या खाचेत काळी माती, चपलेच्या तळव्याला शेतातला चिखल, हे ते लोक टोकदार काडीने उकरून बघतात. मी थट्टा करत नाहीये.

देवघर नेता येतं, पण लाकडाला साल नको, घुणाची भोकं नकोत. भोक दिसलं की धुरी देतात आणि तिचा खर्च आपल्यावर. सूप, टोपल्या, शिंदीचा झाडू, खराटा इकडेच ठेवा. गोवऱ्या, गोमूत्र नाव पण काढू नका.

मनातले_मांडे
सोपा उपाय सांगू का. मांडे मनातल्या मनात खा, खापर इकडेच राहू द्या. आणि वाटेत फुटलं तर ते फोडायचं कुणाच्या डोक्यावर हे आत्ताच ठरवून घ्या, नवरा हजर आहेच 😀

कंटेनरवाला_भुसावळ
मी मूळ भुसावळचा, न्हावाशेवा बंदरात फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये (लोकांचा माल बोटीने पाठवून द्यायचं काम) चौदा वर्षं काढली. वरच्या भाऊंनी बायोसिक्युरिटी चांगली सांगितली, मी पैशाचं बोलतो.

तुमच्यासारख्या घरांना अख्खा कंटेनर लागत नाही. वीस फुटीत साधारण ३३ घनमीटर मावतं, तुमचं ४-५ च्या वर जायचं नाही. म्हणजे एलसीएल, एकाच कंटेनरमध्ये चार जणांचं सामान, आणि भाव सीबीएमवर म्हणजे घनमीटरवर. खोका ६० बाय ४५ बाय ४५ सेंटीमीटरचा असेल तर त्याचा होतो ०.१२, म्हणजे आठ खोके म्हणजे एक सीबीएम, एवढं डोक्यात ठेवा, सगळं गणित जमेल.

आणि इथेच लोक उलटं करतात. बोटीने जाताना एक सीबीएमला हजार किलोपर्यंत वजन चालतं, म्हणजे तुम्हाला वजनाचे पैसे जवळजवळ लागतच नाहीत, जागेचे लागतात. पाटा-वरवंट्याला सगळे हसतात, पण तो दगड बोटीला स्वस्त, आणि ती गादी महाग, कारण गादी म्हणजे हवेला भाडं. विमानाने मात्र उलटं होतं. तिथे लांबी-रुंदी-उंची गुणून सहा हजारने भागतात, वरचा खोका २० किलोचा धरतात, कुरियरवाले पाच हजारने भागतात मग तोच २४ किलोचा होतो, आणि खरं वजन त्याच्यापेक्षा जास्त भरलं तर ते धरतात. पाटा विमानात टाकाल तर विमानाचं तिकीट काढल्यासारखं होईल त्याचं.

कोटेशन घेताना एकच विचारा, डोअर टू डोअर म्हणजे नक्की कुठल्या डोअरपर्यंत. तिकडचं टर्मिनल हँडलिंग, डिलिव्हरी ऑर्डर, इन्स्पेक्शनची फी, वखारीचं भाडं, हे आत आहे का बाहेर. लेखी घ्या. भाव फार कमी असला की समजा तिकडचं सगळं बाहेर ठेवलंय.

लाकडी क्रेट केला तर आयएसपीएम १५ चा (लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का पाहिजे, गव्हाच्या ओंबीचं चित्र असतं. लाकूड आतपर्यंत ५६ डिग्रीला ३० मिनिटं तापवलेलं नाहीतर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. गल्लीतल्या सुताराकडून फळ्या ठोकून आणू नका.

कळण्याची_भाकर
माहेरवाशीण, बाकी माणसांना गणित करू दे, मी खापराचं सांगते. माझ्या मुलीचं खापर मी नाशिकला पोचवलं होतं, परदेश नाही पण ट्रक तोच आणि खड्डे पण तेच ☺

आधी त्याच्यावर बोटाने टकटक करून ऐक. खणखणीत वाजलं तर ने, बद्द वाजलं तर आतून तडा आहे, वाटेतच जाईल. धुतलं तर चार-पाच दिवस चांगलं उन्हात वाळव, माती पाणी धरते. मग आत कपडे गच्च कोंब, साड्या नाहीतर चादरी, पोकळी ठेवायची नाही. बाहेरून गोधडी, तिच्यावर बबल रॅप, आणि खोक्यात ठेवताना तोंड खाली. मग तो खोका दुसऱ्या मोठ्या खोक्यात, चारी बाजूंनी चार बोटं जागा सोडून ती कागदाच्या बोळ्यांनी भर. आणि कुंभाराकडून जोडीला नवं घेणार असशील तर तो आत गवत भरून देतो, ते सगळं झटकून काढ, भाऊ वर म्हणतात तसं.

नवं घेच खरं म्हणजे, एकाला दोन असावेत.

सातपुडा_व्ह्यू
@कळण्याची_भाकर मावशी, नवं घेतलं तर पॅकिंग लिस्टमध्ये नवं म्हणून लिहावं लागेल. घरसामान ड्युटी-जीएसटी न लागता सोडवायचं तर ते निघण्याच्या आधी १२ महिने तुमच्या मालकीचं आणि वापरातलं पाहिजे. एका खापराने काही बिघडत नाही पण नव्या टीव्हीने बिघडतं, लोक जायच्या आधी इकडून नवीन घेतात आणि मग तिकडे बिल विचारलं की घाम फुटतो. ताई, बी५३४ नावाचा फॉर्म भरायचा असतो, तुमच्या मागून येणाऱ्या सामानाचा. त्यात आणि पॅकिंग लिस्टमध्ये मोघम लिहू नका, 'किचन आयटम्स' असं लिहिलं की खोका उघडलाच म्हणून समजा.

आखाजीची_माहेरवाशीण
बाप रे. केळीचे बॉक्स रद्द, सासरे नाराज. गादीचं ऐकून सासूबाई म्हणाल्या घरच्या कापसाची आहे. मिक्सर चालेल का तिकडे?

सातपुडा_व्ह्यू
घरच्या कापसाची म्हणजे आत सरकी आणि काडीकचरा असणारच, राहू द्या ती. मिक्सर चालतो, तिकडे २३० व्होल्ट ५० हर्ट्झच, फक्त पिना तिरक्या चपट्या असतात, प्लग बदलून घ्या. कुकर, कढया, पोळपाट बिनधास्त. बाकी मेलबर्नच्या डँडेनाँग उपनगरात लिटल इंडिया म्हणून भागच आहे, डाळ-तांदूळ-मसाल्याची चिंता नको.

धुळे_ते_श्टुटगार्ट
जर्मनीवाल्यांसाठी पण लिहून ठेवतो, धागा शोधत कुणीतरी येईलच. इथे त्याला यूबरझीडलुंग्सगूट म्हणतात, शब्द म्हणता आला की निम्मं काम झालं. तुम्ही युरोपियन युनियनच्या बाहेर किमान १२ महिने राहिलेले पाहिजेत, वस्तू ६ महिने वापरलेली पाहिजे, इथे राहायला आल्यावर १२ महिन्यांच्या आत आणायची आणि नंतर १२ महिने विकायची किंवा कुणाला द्यायची नाही. एवढं पाळलं तर ड्युटी नाही.

चुकलं कुठे, तर तूप. आईने सोबतच्या बॅगेत घरचं लोणकढं तूप दोन किलो दिलं होतं, युरोपियन युनियनच्या बाहेरून दूध-तूप-मांस आणता येत नाही हे मला विमानतळावर कळलं. तो डबा टाकताना त्या ऑफिसरने वास घेतला आणि मान हलवली, कौतुकाने की दुःखाने माहीत नाही. आणि इथे भाड्याचं घर बऱ्याचदा किचनशिवाय मिळतं, म्हणजे ओटा-सिंक-कपाटं काहीच नाही, भिंतीतून नळ आलेला. त्यामुळे मी आणलेली भांडी तीन महिने खोक्यातच होती.

एक अजून. २०२४ ला सामान मागवलं तेव्हा तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येत होती, सांगितले सात आठवडे आणि लागले साडेतेरा. थंडीचे कपडे बोटीने पाठवू नका, मी पाठवले होते.

बोरीवाला_शहादा
काय भो, ऑस्ट्रेलियाले खापर? भारी शे. मना भाऊ दुबईले शे, त्यानं काय झायं माहीत शे का? वहिनीनं काळा मसाला दिधा, त्यामा खसखस. दुबईमा खसखस चालत नही, नशानी वस्तू मानतस. नशीब कोनीतरी विमानतळ आधीच सांगं, मसाला घर परत उना. गल्फवाला ध्यान ठेवा, सौदी पन तेच.

कंटेनरवाला_भुसावळ
@बोरीवाला_शहादा एकदम बरोबर भाऊ. सिंगापूरला पण खसखस चालत नाही.

इन्शुरन्स राहिला. घरमालकाने स्वतः भरलेला खोका फुटला तर बहुतेक पॉलिसीत भरपाई मिळत नाही, पॅकर्सनी भरला असेल तरच मिळते. म्हणून फुटणारं त्यांच्याकडून भरून घ्या, पण तुम्ही समोर उभं राहून. प्रत्येक वस्तूचा पॅकिंगच्या आधी फोटो काढा, जुने टवके-ओरखडे दिसतील असा, नाहीतर क्लेमच्या वेळी ते म्हणणार हे आधीपासूनच होतं.

'आमचं थोडंच सामान आहे, कशाला विमा' असं म्हणणाऱ्यांसाठी: मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलं, आठवतंय ना. त्यानंतर जहाजमालकाने जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केलं. म्हणजे जहाज वाचवायचा खर्च त्या जहाजावर ज्यांचा ज्यांचा माल आहे त्या सगळ्यांनी वाटून घ्यायचा, तुमचा माल धडधाकट असला तरी. विमा असला की ते विमा कंपनी बघते, नसला की आधी पैसे भरा मग खोके न्या.

कंटेनरमध्ये दिवसा भट्टी आणि रात्री गारवा, छताला पाणी धरतं आणि खाली ठिबकतं. पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोबत सिलिका जेल. इन्व्हर्टरची बॅटरी, परफ्यूम, नेलपेंट, लायटर, स्प्रे हे काही बोटीच्या सामानात नको. पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

सुवर्णनगरीकर
जळगावकर आहात म्हणून विचारतो, सोनं कसं नेताय? कंटेनरमध्ये चुकूनही नको, पितळी हंड्यात लपवून तर अजिबात नको (हसू नका, केलंय लोकांनी). अंगावर, हातातल्या बॅगेत. आणि निघताना मुंबई विमानतळावर कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, बिलं किंवा व्हॅल्युअरचा दाखला, दागिन्यांचे फोटो जवळ ठेवून. नाहीतर दोन वर्षांनी भाच्याच्या लग्नाला तोच हार घालून आलात तर इकडे विचारणार की हा नवा कुठून आणला. त्याला वेळ लागतो, तीन तास आधी पोचून भागत नाही, अजून लवकर जा.

डॅलसचा_रावेरकर
अमेरिकावाल्यांनो, मिक्सर आणू नका. इथे १२० व्होल्ट ६० हर्ट्झ. साडेसातशे वॉटच्या मिक्सरला ट्रान्सफॉर्मर घेतला, तो मिक्सरपेक्षा जड निघाला आणि आता दार उघडं राहावं म्हणून त्याला टेकू लावतो. घरसामानाला ३२९९ नंबरचा फॉर्म, एक वर्ष वापरलेलं असेल तर ड्युटी नाही. तांदूळ सोबतच्या बॅगेत पण नको, तोच खपरा.

व्यवहारी_माणूस
सगळं वाचलं. माझं मत कुणाला आवडणार नाही. विका सगळं. त्या भाड्यात तिकडे नवं घर लागेल. जुन्या कढया बोटीने नेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

कळण्याची_भाकर
@व्यवहारी_माणूस तुमच्या घरी मांडे कशावर होतात हो?

व्यवहारी_माणूस
स्विगीवर.

आखाजीची_माहेरवाशीण
अपडेट. सामान गेलं एकदाचं. शेवटी ३.२ सीबीएम झालं. गाद्या, सोफा, फ्रिज, वॉशिंग मशीन विकलं, सायकली भाच्यांना दिल्या कारण त्या खाचेतली माती काढून काढून माझी बोटं गेली. देवघराच्या मागच्या फळीला बारीक दोन भोकं निघाली, ती फळीच बदलून घेतली आणि सुताराला साल नसलेलं लाकूड दाखव म्हटलं तर तो म्हणाला ताई देवघराला साल कोण ठेवतं.

पॅकर्सची पोरं चांगली होती, पण त्यांनी आणलेल्या खोक्यांत दोन सफरचंदाचे निघाले, मी बघितलं म्हणून. परत पाठवले. खापर भाकरमावशींनी सांगितलं तसं भरलं, टकटक केलं तर खणखणीत वाजलं, सासूबाईंनी पण वाजवून बघितलं, मग सासऱ्यांनी, मग शेजारच्या काकूंनी. पाटा-वरवंटा घेतलाच. धुळे, नाशिक, कसारा करत ट्रक न्हावाशेवाला गेला, त्या रात्री घर इतकं घुमत होतं की मुलं हाका मारून खेळत बसली.

आखाजी (अक्षय्य तृतीया) इकडेच केली, शेवटची.

आखाजीची_माहेरवाशीण
सप्टेंबर. अपडेट द्यायला उशीर झाला. सामान अकराव्या आठवड्यात मिळालं. आणि हो, अडकलं. पण खापरामुळे नाही.

पॅकिंग लिस्ट मी स्वतः केलेली, खोका नंबर सोळा, 'साड्या, वापरलेल्या, २२'. त्या खोक्यात अमळनेरहून आईने दिलेली पैठणी होती, घडी न मोडता ठेवलेली. निघायच्या आधी माहेरी गेले होते तेव्हा आईने ओटी भरली होती. मी ती ओटी तिकडेच देवापाशी ठेवून आले होते. आईने काय केलं, त्यातले मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड कागदात बांधून त्या पैठणीच्या घडीत सारलं. लेकीची ओटी रिकामी जाऊ नये म्हणून. मला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी काढलं असतं, हे तिला माहीत होतं.

इन्स्पेक्शनला ते निघालं. फोन आला, बाई फार सभ्यपणे बोलत होती, विचारलं हे काय आहे. आता ओटी इंग्रजीत कशी सांगायची. मी म्हटलं आईचा आशीर्वाद आहे. ती म्हणाली, समजलं, पण तांदूळ आहे. परत पाठवायचं की नष्ट करायचं, दोन्हीचा खर्च माझा. नष्ट करा म्हटलं. पूर्ण खोका परत तपासला, मग त्याच्या आजूबाजूचे तीन. वेळेप्रमाणे फी लागते, ती भरली, वखारीचं वरच्या दिवसांचं भाडं भरलं, आणि आमच्या पॅकर्सच्या डोअर टू डोअरमध्ये यातलं काहीच नव्हतं (कंटेनरवाले भाऊ, लेखी घेतलं होतं, बारीक अक्षरात 'तपासणी वगळून' होतं, माझीच चूक). आईला अजून सांगितलं नाहीये. कुणी अमळनेरचं वाचत असेल तर गप्प बसा.

कंटेनरवाला_भुसावळ
चौदा वर्षांत हे चौथं. एकाच्या देवघराच्या कप्प्यात अक्षता होत्या, एकाच्या पाकिटात प्रसादाचे शेंगदाणे. आता मी गिऱ्हाइकाला सांगतो, पॅकिंगच्या दिवशी आईला आणि सासूला वेगळं विचारा.

मनातले_मांडे
मग खापराचं काय झालं? फुटलं की नाही?

आखाजीची_माहेरवाशीण
नाही फुटलं. पण भाड्याच्या घरात इंडक्शनची शेगडी आहे. मातीचं भांडं इंडक्शनवर तापत नाही, हे एवढ्या मोठ्या धाग्यात कुणालाच सुचलं नाही, मला पण नाही.

सातपुडा_व्ह्यू
🤦 चूक माझी. या शनिवारी आमच्याकडे या, मागच्या अंगणात गॅसचं बार्बेक्यू आहे, बाजूचा बर्नर उघडा आहे. बाहेर करू, आत धूर झाला की अलार्म कोकलतो.

आखाजीची_माहेरवाशीण
झाले मांडे. पहिले दोन फाटले, तिसरा जमला, पुरण चोपड्याच्या वहिनींनी केलं होतं. वाऱ्याने आच एका बाजूला जात होती म्हणून दोघं नवरे पुठ्ठा धरून उभे. सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला, मला वाटलं मांड्याला काहीतरी बोलतील. त्यांनी मांड्याकडे बघितलंच नाही, म्हणाल्या फोन जरा खाली कर, अजून, डावीकडे. मग विचारलं, हा काठाचा टवका तुमच्याकडे पडला का?

इकडचाच आहे म्हटलं, जळगावचा. पॅकिंगच्या आधीचा फोटो काढून दाखवला.